खाड्यांची नोंद कोण ठेवतं?



माझे वडील नागपूरच्या एका मजूर नाक्यावर उभे राहतात. मिस्त्रीकाम. शिक्षण सातवी, पण हजेरीची वही चोख. फेब्रुवारी २०२२ च्या पानावर २२ हजेऱ्या आहेत, फेब्रुवारी २०२३ च्या पानावर १३. बाकी खाडे.

या दोन पानांच्या मधल्या काळात, महागाई आवरायची म्हणून रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. रेपो चढला की गृहकर्ज महागतं. वडिलांना काम देणारे मोठे बिल्डर नाहीत. कर्ज काढून वरचा मजला चढवणारे नोकरदार आहेत. ते म्हणाले, स्लॅबचं पुढच्या वर्षी बघू. देशभर बांधकाम बुडालं असं मी म्हणत नाही, ते बुडालं नव्हतं. मी या थराबद्दल बोलतेय.

आता गंमत बघा. स्लॅब पुढे ढकलणाऱ्याचा हप्ता वाढला, पण पगार रुपयानेही कमी झाला नाही. नाक्यावर मजुरीचा भावही पडला नाही. पडले ते दिवस. आणि सरकारी श्रमबल सर्वेक्षणाच्या साप्ताहिक मोजणीत आठवड्यातून एक तास काम केलं तरी माणूस रोजगारात धरला जातो. म्हणजे वडील कागदोपत्री कधी बेकार झालेच नाहीत. नाक्यावर कोणत्या वस्त्यांतली माणसं उभी असतात, ते या सभेत सांगायला नको.

२०२५ मध्ये दर उतरू लागले. वडिलांची मुकादमाकडची उचल मात्र शेकडा पाच, दरमहा. वर्षाचे साठ टक्के. ती ना तेव्हा हलली, ना आता.

महागाई वाढू द्या, असं माझं म्हणणं नाही. रुपया घसरला की किमती वाढतात, मजुरी मागे रखडते आणि व्यापाऱ्याचा नफा मजुराच्या ताटातून जातो, हे बाबासाहेबांनी १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’त मांडलंच आहे. पण महागाईच्या तेव्हाच्या निर्देशांकात जवळपास ४६ टक्के वजन खाण्यापिण्याचं होतं. जुलै २०२३ मध्ये महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली, ती मुख्यतः टोमॅटो-भाजीपाल्यामुळे. रेपो वाढवून टोमॅटो पिकत नाही. स्लॅब तेवढा थांबतो. दर ठरवणाऱ्या सहा जणांच्या समितीपुढे खाड्यांचा आकडा कुणी ठेवतं का?

माझे मार्गदर्शक म्हणाले, एका वहीवरून काही सिद्ध होत नाही. बरोबर आहे. म्हणून ज्यांच्या घरी अशी वही असेल, त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा. २०२२ आणि २०२३ ची पानं हवी आहेत.