सिंहाचा वाटा आणि उंदराची वर्गणी



आम्ही शाळा सातवीत सोडली. इंग्रजी शिकलो ते मालकांच्या पत्रांतून. एका पत्रात लिहिले होते, की नफ्यातला 'लायन्स शेअर' कामगारांनाच मिळतो. शब्दकोश उघडला. अर्थ सापडला : सर्वांत मोठा वाटा. पुढे इसापाची गोष्ट वाचली. तिच्यात सिंह इतरांबरोबर शिकार करतो, वाटे पाडतो आणि एकेक कारण सांगून सारेच वाटे स्वतःकडे ओढतो! म्हणजे मूळचा वाटा मोठा नव्हे, सगळा. भाषेने सिंहाला मवाळ केले. हिशेबवहीने केले काय, एवढेच आम्ही बैठकीत विचारले.

पण दोष एकट्या मालकांचाच नाही. संघटनेच्या संमतीवाचून झालेल्या संपाला इंग्रजीत रानमांजराचे नाव आहे, 'वाइल्डकॅट'. आणि संघटनेच्या दराहून कमी मजुरीवर राबणाऱ्याला अमेरिकेतले छापखाना-कामगार एकोणिसाव्या शतकात 'रॅट' म्हणत. बुडत्या जहाजावरून उंदीर आधी पळतात, असा जुना समज.

एका संपात फाटकापाशी आम्हीही एका सोबत्याला 'उंदीर' म्हणून ओरडलो. तो मान खाली घालून आत गेला. संप मिटल्यावर वर्गणी मागायला गेलो, तर म्हणाला, "भाऊ, उंदराची वर्गणी कशाला?"

जनावराचे नाव दिले, की माणसाची अडचण विचारावी लागत नाही. आम्ही ती विचारली नव्हती. तो पुन्हा सभासद झाला नाही.