यंत्राच्या पात्रतेची परीक्षा

कचेरींतला संगणक एके सकाळीं ई-मेल उघडूं देत नाहीं. ‘यंत्र नियमांस धरून नाहीं’ एवढेंच सांगतो. काम अडतें, आणि व्यवस्थापकास नियमच सैल करण्याचा मोह होतो. पण तबकडी कुलूपबंद नसलेला संगणक चोरीस गेल्यास त्यांतील कागदपत्रें कोणाच्याही हातीं पडूं शकतात.

मायक्रोसॉफ्टच्या इंट्यून या व्यवस्थेचें उदाहरण घ्यावें. तींत प्रत्येक यंत्र साधारणतः दर ८ तासांनीं हजेरी देतें. ३० दिवस हजेरी चुकली, तर मूळच्या मांडणीप्रमाणें तें अपात्र ठरतें. म्हणून प्रथम शेवटच्या हजेरीची वेळ पाहावी. मग कोणता नियम मोडला, तें शोधावें. बिटलॉकरनें तबकडी कुलूपबंद केली, तरी तिची साक्ष यंत्र सुरू होतांनाच नोंदली जाते. सबब यंत्र पुन्हां सुरू केल्यावांचून तो दोष जात नाहीं.

उलट, ज्या यंत्रास एकही नियम लावलेला नाहीं, तें मूळच्या मांडणींत पात्रच मानलें जातें. ही मांडणी व्यवस्थापकानें आधीं बदलावी. नापास झालेल्यापेक्षां परीक्षेसच न बसलेल्याची चौकशी अधिक अगत्याची आहे.