वर्दी घरी येते तेव्हा



सध्या आपल्या गावांकडे पहाटे डांबरी रस्त्यावर मुली पळताना दिसतात. पोलीस भरतीची तयारी. ८०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं, गोळाफेक, मिळून ५० गुण, आणि मग १०० गुणांची लेखी परीक्षा. उंची १५५ सेंटिमीटर हवी. गटातल्या सही न येणाऱ्या आईलाही आता हे तोंडपाठ आहे. गटातून कर्ज घेऊन मुलीला अकादमीत घालणाऱ्या बाया आम्ही सहयोगिनी जवळून पाहतो, आणि आम्हाला त्यांचं कौतुकच वाटतं. पण निवड झाली, पेढे वाटले, की पुढचं कोणी विचारत नाही. ही नोकरी अंगावर किती येते आणि तिच्यासोबत घरात काय येतं, ते आज बोलू.

आधी तासांचं बघा. कॉमन कॉज आणि लोकनीती या संस्थांनी देशभरातल्या पोलिसांना विचारून २०१९ मध्ये अहवाल काढला. पोलिसांचं काम दिवसाला सरासरी १४ तास निघालं. निम्म्या पोलिसांना आठवड्याची सुट्टीच मिळत नव्हती. आपण शेतात निंदायला जातो तेव्हा ऊन उतरलं की परत येतो. यांचं ऊन उतरतच नाही.

नागपूरचं वर्ष तर पोलिसांच्या डोळ्यांनी बघायला पाहिजे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, मग गणपती, मग दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी, आणि डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन, म्हणजे मोर्च्यांवर मोर्चे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा चौकात उभं राहणारा माणूसही त्यांच्यातलाच. मार्च २०२५ मध्ये महाल भागात दंगल झाली, काही दिवस संचारबंदी होती. आपण दार लावून घरात बसलो होतो, ते रस्त्यावर होते. राज्य सरकारने २०२२ मध्ये पोलिसांच्या किरकोळ रजा १२ वरून २० केल्या. चांगलं केलं. पण बंदोबस्त लागला की रजेचा अर्ज टेबलावरच राहतो, हे कोणत्याही हवालदाराच्या बायकोला विचारा.

आता बाईच्या वर्दीचं. त्याच अहवालात पाचातल्या एका महिला पोलिसाने सांगितलं की ठाण्यात बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह नाही. हे झालं ठाण्याचं. रस्त्यावरच्या बंदोबस्तात तर काय असणार? मग बाई पाणीच पीत नाही. पाळी असो, गरोदरपणाचे पहिले महिने असोत, तेच. लघवीची जळजळ, कंबरदुखी इथून सुरू होते. त्यात आणखी एक गोष्ट. अत्याचार-विनयभंगाच्या गुन्ह्यात बाईचं म्हणणं महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचं, महिला आरोपीची झडती बाईनेच घ्यायची, असा कायदा आहे. तो आपल्या भल्यासाठीच आहे. पण ठाण्यात बाया चारच असल्या, तर प्रत्येक वेळी त्या चौघींनाच बोलावणं येतं, मग रात्र असो की सुट्टी.

म्हणून २०२१ मध्ये झालेली एक गोष्ट महत्त्वाची. महिला पोलिसांना १२ ऐवजी ८ तासांची ड्युटी, हा प्रयोग आपल्या नागपूर शहरात सुरू झाला, अमरावती शहरात आणि पुणे ग्रामीणमध्येही झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये तेव्हाचे पोलीस महासंचालक संजय पांडे यांनी तो राज्यभर लागू करायचा आदेश काढला. सणावाराला तास वाढवायचे तर वरिष्ठांची परवानगी लागेल, असंही त्यात होतं.

मग झालं काय? पुरुष शिपायाचे तास तेवढेच राहिले. "बायांचं काम आमच्या बोडक्यावर," अशी कुजबुज सुरू झाली, आणि ती ऐकत आठ तास काढायचे हा बाईला नवा ताण. आमचं मत विचाराल तर आठ तास दोघांनाही पाहिजेत. ते अशक्य आहे असंही नाही. मुंबईत देवनार ठाण्यातल्या एका शिपायानेच २०१६ मध्ये तसं वेळापत्रक मांडलं आणि तिथे ते सुरूही झालं. माणसं कमी आहेत, त्याचा राग शेजारी उभ्या असलेल्या बाईवर काढून काय होणार?

आणि आठ तास संपले की दुसरी ड्युटी घरी. आमच्या एका गटातल्या सासूबाई सांगत होत्या, "सून घरी आली का बोलेच नाही. मले वाटे तिले माज चढला." एक दिवस सून भाकरी थापता थापता रडायला लागली. आठ वर्षांच्या मुलीचा जबाब घेऊन आली होती. त्या दिवसापासून सासूबाई सून आली की आधी चहा देतात, अर्धा तास तिला कोणी काही विचारत नाही. पोळ्या लेक लाटतो. गावात थोडं हसतात त्याला.

पुरुषाचं वेगळं आहे. तो रडतही नाही. बीपी, शुगर, दारू, नाहीतर एकदम आरडाओरडा. डॉक्टरकडे मनाचं दुखणं सांगितलं तर साहेब काय म्हणतील, ही भीती. आपण महिन्याला बैठकीत बसून बोलतो तरी. पोलिसांना युनियन करायला १९६६ च्या कायद्याने बंधन आहे. मुंबईत ऑगस्ट १९८२ मध्ये पोलिसांनी उठाव केला तेव्हा त्यांच्या संघटनेची मान्यताच गेली. तक्रार तोंडातच राहते आणि घरी येऊन फुटते.

इथे एक मात्र स्पष्ट सांगतो. ताण आहे म्हणून बायकोवर हात टाकायची सूट मिळत नाही. नवरा पोलीस असेल तर ठाण्यात जायची भीती वाटते, खरं आहे. मग जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात ते पद आहे. नागपूर शहरात २०१७ पासून पोलिसांचा भरोसा सेल आहे, तिथे समुपदेशनही होतं.

घरात कोणी वर्दीतलं असेल तर एवढं बघा. झोप उडाली आहे का, जेवण सुटलं आहे का, "मी नसलो तर" असं बोलणं वाढलं आहे का. तसं असेल तर त्याला किंवा तिला एकटं सोडू नका, आणि घरात शस्त्र असेल तर वरिष्ठांना कळवायला लाजू नका. १४४१६ हा टेलिमानसचा फुकटचा नंबर आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात. फोन बायकोने, आईने केला तरी चालतो. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. नावाला घाबरू नका, औषध घेऊन संध्याकाळी घरी येता येतं.

पुढच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीला भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना घेऊन या. नोकरीत दहा वर्षं झालेल्या एक महिला हवालदार यायला तयार झाल्या आहेत. बंदोबस्त लागला नाही तर येतील.