बाईंचा कॅटलॉग आणि माझा प्रोग्राम

(१९८९ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू कॉम्प्युटरमध्ये नक्की काय करतोस ते पंधरा मिनिटांत सांग, पण आम्हांला कळेल असं." हे मला घरी पंचवीस वर्षांत जमलेलं नाही. आई अजूनही शेजारीपाजारी सांगते, "तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो." तेव्हा आज जमलं तर बघू या. सुरुवात मात्र आपल्या वर्गापासूनच करतो.

आठवीची सहामाही झाली होती. बाईंनी गणिताच्या मार्कांची यादी माझ्याकडे दिली आणि वर्गाची सरासरी काढायला सांगितली. आपण तेव्हा अठ्ठावन्न जण. मी बेरीज केली, अठ्ठावन्नने भागलं आणि रुबाबात कागद नेऊन दिला. बाईंनी यादीवर बोट ठेवलं. "हे तीन कोण?"

"बाई, ते गै.ह. आहेत. म्हणून शून्य धरले."

"शून्य मिळालंय का त्यांना? पेपर लिहिलाय त्यांनी?"

"नाही बाई."

"मग न लिहिलेल्या पेपराला मार्क कसे देतोस?"

मी म्हटलं, "मग काढून टाकू का त्यांना?" यावर बाई जास्त चिडल्या. "काढून कसं टाकशील? आपल्याच वर्गातली आहेत ना?" आणि त्याच दिवशी शाळा सुटल्यावर आम्हां दोघांना त्या तिघांच्या घरी पिटाळलं. एकीला कांजिण्या झाल्या होत्या. एक आजोबांच्या तेराव्याला कोकणात गेला होता. तिसरा टेंभीपाड्यात राहायचा. त्याच्या वडिलांच्या कारखान्याला टाळं लागलं होतं आणि तो सकाळपासून भाजीच्या गाडीवर उभा राहत होता. आम्हांला बघून त्याने तोंड फिरवलं. तो परत शाळेत आला नाही. त्याच्याकडे मी शेवटी येतो.

आता माझं काम. कॉम्प्युटरला आपली भाषा कळत नाही, त्याला फक्त त्याच्या यंत्राच्या आज्ञा कळतात. माणसाने वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला प्रोग्राम त्या आज्ञांमध्ये उतरवणारा जो दुभाषा असतो तो कंपायलर. पण तो शब्दाला शब्द ठेवणारा दुभाषा नाही. समजा, बायकोने यादी दिली : भाजीवाल्याकडून कोथिंबीर, वाण्याकडून तूरडाळ, मग पुन्हा भाजीवाल्याकडून मिरच्या. तुम्ही भाजीवाल्याकडे दोनदा जाता का? कोथिंबीर-मिरची एकदमच घेता. यादीत "दूध उतू गेलं असेल तर पुसून घे" असंही असेल आणि घरात दूधच नसेल, तर ती ओळ तुम्ही सोडून देता. कंपायलर हेच करतो. पुन्हापुन्हा होणारं काम एकदाच करतो, कधीच घडणार नाही ते गाळतो, क्रम बदलतो. याला ऑप्टिमायझेशन म्हणतात. अट एकच : पिशवीतून घरी यायचं तेच सामान यायला हवं.

असा एक जगप्रसिद्ध कंपायलर म्हणजे जीसीसी. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो पहिल्यांदा बाहेर काढला १९८७ साली, म्हणजे आपण आठवीतून नववीत गेलो त्या वर्षी. तो मुक्त आहे. म्हणजे नुसता फुकट नव्हे. त्याच्या आत काय लिहिलंय ते कुणीही वाचू शकतो, बदलू शकतो. आणि गंमत बघा, ते आतलं वाचायला शिकवणारी माणसं आपल्या शेजारीच होती. कांजूरमार्गला उतरून रिक्षाने पवई. आयआयटीत प्रा. उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीसीसीसाठी खास केंद्र चालवलं होतं. त्यांचं, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्याबरोबरचं, डेटा फ्लो अॅनालिसिसवरचं पुस्तक २००९ सालचं. प्रोग्राममधली कोणती माहिती कुठून कुठे वाहत जाते हे कंपायलरला कसं कळतं, हा त्याचा विषय. २०१० च्या आसपास तिथे जीसीसीवर कार्यशाळा होत. त्यातल्या एकीला मी गेलो होतो. लहानपणी आपण आयआयटीचं गेट बाहेरूनच पाहायचो. चाळिशीच्या उंबरठ्यावर वही घेऊन आत गेलो. तिथे मी एक गोष्ट शिकलो. कंपायलर एका झटक्यात भाषांतर करत नाही, कितीतरी टप्प्यांतून करतो, आणि सांगितलं तर प्रत्येक टप्प्यानंतर प्रोग्रामचं रूप काय झालं ते कागदावर काढून दाखवतो. ही विद्या पुढे माझी अब्रू वाचवणार होती.

दुसरी मुक्त गोष्ट म्हणजे आर नावाची संख्याशास्त्राची भाषा. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती सुरू केली. तिची १.०.० आवृत्ती आली २९ फेब्रुवारी २००० रोजी. सरासरी, नमुना, आलेख असल्या कामांसाठी जगभर ती वापरतात. मला ती आवडते ती एका कारणासाठी. तिच्यात "गै.ह." आहे! माहिती नसेल तिथे एनए लिहायचं. एनएची सरासरी काढायला गेलात तर उत्तर एनएच येतं. गैरहजरांचं काय करायचं ते आधी तुम्ही ठरवा, मग मी भागाकार करते, असं ती म्हणते. अगदी आपल्या बाई. कॉम्प्युटरच्या अपूर्णांकांसाठी १९८५ साली जे मानक ठरलं, त्यात "ही संख्याच नाही" असं सांगणारी एक खूण आहे, नॅन. आरने त्याच खुणेच्या पोटात १९५४ हा आकडा लपवून आपला एनए बनवला. १९५४ हे इहाकांचं जन्मवर्ष. असे खोडकरपणे सगळ्याच वर्गांत असतात.

आता माझी फजिती.

२०१६ साली, नोकरी सांभाळून, मी पालघर जिल्ह्यातल्या पाड्यांवर काम करणाऱ्या एका संस्थेला आकडेमोडीत मदत करत होतो. दर महिन्याला मुलांची वजनं यायची. वयाच्या मानाने वजन किती कमी, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांशी ताडून बघायचं. ठरावीक रेषेच्या खाली असलेलं मूल कमी वजनाचं. ही रेषा कुठे ओढावी यावर आपल्याकडे मोठे वाद झालेत. साताऱ्याकडचे पां. वा. सुखात्मे, ज्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत वर्षानुवर्षं संख्याशास्त्र विभाग सांभाळला, आणि पुण्याचे वि. म. दांडेकर यांचा वाद तर गाजलेलाच. माझं काम त्यामानाने साधं होतं : रेषेखाली किती ते मोजायचं. शिवाय त्या आकड्यावर भरवसा किती ठेवायचा हे पाहण्यासाठी त्याच मुलांच्या चिठ्ठ्या टोपलीत टाकून दहा हजार वेळा नव्याने काढायच्या, प्रत्येक वेळी काढलेली चिठ्ठी परत टोपलीत टाकून. याला बूटस्ट्रॅप म्हणतात.

आरमध्ये हे चालवलं की माझा जुना लॅपटॉप पंख्यासारखा आवाज करायचा आणि तासभर लागायचा. म्हणून मोजणीचा भाग मी सी भाषेत लिहिला. त्यात पहिली ओळ बाईंच्या शिकवणीतली : वजन गैरहजर असेल तर पुढच्या मुलाकडे जा. नंतरची ओळ : रेषेच्या खाली असेल तर "कमी"मध्ये मोज, नाहीतर "ठीक"मध्ये. वेग अजून हवा म्हणून जीसीसीला मी फास्ट-मॅथ नावाची एक सूट दिली. प्रोग्राम सुसाट धावला. तासाचं काम काही मिनिटांत. मी खूश. डिसेंबरचा अहवाल वेळेआधी पाठवला. कमी वजनाच्या मुलांचं प्रमाण चांगलंच घटलेलं दिसत होतं. संस्थेतही आनंद.

दुसऱ्या दिवशी तिथल्या एका कार्यकर्त्या ताईंचा फोन. "दादा, एक विचारू का? दिवाळीनंतर आमच्या पाड्यावर पोरंच नसतात. आईबापाबरोबर वीटभट्टीवर जातात. मग सुधारली कोण?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी "बघतो" म्हणालो आणि रात्री जुना, रडतखडत चालणारा प्रोग्राम त्याच माहितीवर चालवला. नव्या प्रोग्राममध्ये "ठीक" मुलं ३१२ जास्त होती. गैरहजर किती ते मोजलं. ३१२.

वजनच न झालेली ३१२ मुलं मी सुदृढ म्हणून नोंदवली होती.

पण गैरहजरी तपासायची ती ओळ तर माझ्यासमोर होती! दहा वेळा वाचली. चूक नव्हती. मग पवईची विद्या आठवली आणि कंपायलरला त्याचे टप्पे कागदावर काढायला सांगितले. सुरुवातीच्याच टप्प्यांत ती ओळ गायब झाली होती. कुणी काढली? मीच. फास्ट-मॅथचा अर्थ असा : "या आकड्यांत एकही नॅन नाही, एकही अनंत नाही, याची हमी मी देतो." मी दुभाष्याला लिहून दिलं की वर्गात आज कुणी गैरहजर नाही. तो म्हणाला, मग हजेरी घेण्यात वेळ कशाला घालवू? घरात दूध नाही, तर उतू गेलेलं पुसायची ओळ सोडली, तसंच. मग ती नॅन रेषेशी ताडली गेली. "तू रेषेखाली आहेस का?" या प्रश्नाला नॅनचं उत्तर कायम "नाही". म्हणून ती "ठीक"मध्ये पडली. खरं तर एवढी सूट दिल्यावर ती कोणत्या बाजूला पडेल याचा भरवसाच नसतो. माझ्या नशिबी दिसायला गोड बाजू आली. वाईट बाजू आली असती तर मी लगेच तपासलं असतं, हेही कबूल करतो.

फास्ट-मॅथमुळे बेरजेचा क्रमही बदलू शकतो. तुम्ही म्हणाल, क्रमाने काय होतंय? कॉम्प्युटरला साधारण पंधरा-सोळा अंकच नेमके धरता येतात. एकावर सोळा शून्यं, अशा संख्येत एक मिळवा आणि मग तीच मोठी संख्या वजा करा. उत्तर शून्य येतं, तो एक वाटेत हरवतो. आधी वजाबाकी केली तर एक शिल्लक राहतो. विल्यम काहान यांनी १९६५ मध्ये असे सांडलेले कण वेगळ्या वाटीत जमवत बेरीज करायची युक्ती सांगितली. फास्ट-मॅथ दिलं की कंपायलर म्हणतो, बीजगणिताप्रमाणे ही वाटी शून्यच असणार, आणि तीही फेकून देतो.

जीसीसीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, की नियमांचं काटेकोर पालन गृहीत धरणाऱ्या प्रोग्रामचं उत्तर या सुटीमुळे चुकू शकतं. मी ते वाचलं नव्हतं. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर आपण वाचतो का? शिवाय गरज तरी काय होती! ती सूट काढून साध्या ऑप्टिमायझेशनवर प्रोग्राम चालवला तर दीड-दोन मिनिटंच जास्त लागली.

दोन संध्याकाळींत हे सापडलं, कारण सगळं उघडं होतं. आर काय करतं ते वाचता आलं, कंपायलरने काय केलं ते पाहता आलं. बंद पेटी असती तर ताईंनाच कदाचित मी समजावलं असतं, की कॉम्प्युटर चुकत नाही.

अहवाल मागे घेतला, माफी मागितली. पण आणखी एक पेच होता. जुना आरचा प्रोग्राम तरी काय करत होता? गैरहजरांना वगळून उरलेल्यांचं प्रमाण काढत होता. म्हणजे, गैरहजर मुलं हजर मुलांसारखीच असतील, असं मी मुकाट्याने धरून चाललो होतो. वीटभट्टीवर गेलेलं पोर आणि घरी अंगणवाडीत येणारं पोर सारखं कसं असेल? बाईंनी "काढून कसं टाकशील" म्हणून झापलं होतं ते तीस वर्षांनी लागू पडलं. नव्या अहवालात आम्ही एक आकडा दिलाच नाही. वजन झालेल्यांत कमी किती, वजन न झालेली किती, आणि ही सगळी कमी वजनाची निघाली तर प्रमाण कुठवर जाईल, एकही तशी नसली तर कुठवर खाली येईल, असे दोन टोकांचे आकडे दिले. दोन्हींत बरंच अंतर होतं. वाचणाऱ्याला ते आवडत नाही. एका बैठकीत मला विचारलंही, "नक्की आकडा सांगा ना." मी म्हटलं, नक्की आकडा हवा असेल तर भट्ट्यांवर वजनकाटा न्यावा लागेल. पुढच्या हिवाळ्यात ताई आणि त्यांच्या दोन सहकारी काटा घेऊन काही भट्ट्यांवर गेल्या. सगळी मुलं सापडली नाहीत. सापडली त्यांतली बरीच रेषेच्या खाली होती.

तर बाई, मी कॉम्प्युटरमध्ये हे करतो. तुम्ही तेव्हा तीन नावांवर बोट ठेवलं होतं, त्याच प्रकारचं काम, फक्त पगार थोडा बरा मिळतो.

जाता जाता एक कामाचं. या स्मरणिकेच्या मागे आपल्या बॅचची यादी आहे. नऊ जणांसमोर फोन नंबर नाही. संयोजकांनी विचारलं होतं, ही नावं गाळू या का? मी म्हटलं, राहू द्या, पुढे "पत्ता नाही" एवढं लिहा. यादीत एक दहावं नाव मी हाताने घातलंय. ते दहावीच्या पटावर नव्हतं, कारण तो आठवीच्या सहामाहीनंतर आलाच नाही. टेंभीपाड्यातली ती चाळ आता नाही, तिथे इमारत उभी आहे. मी दोनदा जाऊन आलो. एका जुन्या दुकानदाराने सांगितलं की ते कुटुंब बहुतेक दिव्याकडे राहायला गेलं. कुणाला काही माहीत असेल तर चहाच्या वेळी मला गाठा. मी खिडकीजवळच्या टेबलापाशी आहे.