धुरेवरचं वजन



दोघांपुरता कॅम्पर ट्रेलर होता, आता मुलं मोठी झाली, आजी-आजोबाही येतो म्हणतात, तेव्हा लहान विकून लांब घ्यावा, असा ज्यांचा बेत चाललाय त्यांच्याशी आज बोलायचं आहे. लांबीच्या हौसेला माझा विरोध नाही. आपला सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, राज्याचं कॅराव्हॅन धोरण 2021 मध्ये आलं. तारकर्ली-देवबागकडे लोक आपलं घर मागे ओढत येऊ लागले तर चांगलंच आहे. पण घेताना आपण काय विचारतो? पलंग किती, फ्रिज केवढा, संडास आत की बाहेर. टो हुकावर किती वजन पडणार, हे विचारणारा मला अजून भेटायचा आहे. माझं आजचं बोलणं त्या एका प्रश्नावर.

ज्यांनी घरी बैलगाडी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. भाताच्या गोणी मागच्या बाजूला जास्त पडल्या की गाडी उलाळ होते. जू वर उचलतं, पट्टा बैलाच्या गळ्याला लागतो. सगळं पुढेच रचलं तर भार मानेवर येतो, खांदा सुजतो. म्हणून गाडीवान शेवटची गोण चढवण्याआधी जू हाताने उचलून बघायचा आणि गड्याला ओरडायचा, "गोणी फुडे सार रे!" चढण आली की तो स्वतः धुरेवर पुढे सरकून बसायचा, उतार लागला की मागे. त्याला वजन हाताला कळत होतं, आणि नाही कळलं तर बैल सांगत होता. आपली स्कॉर्पिओ बोलत नाही. काचा वर, एसी चालू, मागे काय चाललंय याचा पत्ता नाही.

ट्रेलरचंही तसंच आहे. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के वजन हुकावर यायला हवं. म्हणजे 1200 किलोचा ट्रेलर असेल तर 120 ते 180 किलो. कमी पडलं तर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. जास्त झालं तर गाडीचा मागचा भाग बसतो, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग पोकळ लागतं, रात्री दिव्यांचा झोत झाडांच्या शेंड्यावर जातो. आणि गाडीच्या कंपनीने हुकावर किती वजन चालेल ते पुस्तकात दिलेलं असतं. आपले टक्के त्या आकड्यात बसत नसतील, तर तो ट्रेलर त्या गाडीचा नव्हे. मग कितीही आवडो.

तुम्ही म्हणाल, लहान ट्रेलरला हे लागू नव्हतं काय? होतं, पण तिथे चूक खपून जायची. लांबी वाढली की तीच चूक मोठी होते. हिशोब करून बघा. टो हुक एक्सलच्या 4 मीटर पुढे आहे. मागच्या दाराबाहेर, एक्सलपासून 3 मीटरवर, दोन सायकली आणि त्यांची चौकट मिळून 40 किलो टांगलं. हुकावरचं 30 किलो वजन गेलं! तेच 40 किलो एक्सलच्या डोक्यावर ठेवलं असतं तर हुकाला कळलंही नसतं. पाण्याची टाकी कुठे आहे तेही बघा. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. टाकी शेपटाकडे असेल तर भरलेली गाडी वेगळी आणि रिकामी वेगळी.

मोजायचं कसं? काजू बी खरेदी करणाऱ्याकडे गोणी मोजायचा काटा असतो ना, तो पुरतो. सपाट जागा बघा. ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून चिरे लावा आणि मगच गाडी सोडवा. काट्यावर लाकडी ठोकळा उभा करून त्यावर ट्रेलरची दांडी टेकवा, पण गाडीला जोडलेली असताना जेवढ्या उंचीवर असते तेवढ्याच उंचीवर. आकडा वाचा, लिहा. एकूण वजनासाठी ट्रकांचा वजनकाटा आहेच. हे सगळं सामान भरून, पाणी भरून, सिलिंडर जागेवर ठेवून करायचं. दुकानातल्या कोऱ्या ट्रेलरचं वजन कुणाच्या कामाचं?

आता मला खरं रागवायचं आहे ते मुंबई-पुण्याच्या आपल्याच माणसांवर. येताना वजन मोजून येतात. मे महिना संपतो, परत निघायचं असतं, आणि मग मागचं दार उघडून हापूसच्या पेट्या, फणस, उकड्या तांदळाची गोण, सुकी मासळी, सगळं दारातच कोंबायचं. का, तर ते जवळ पडतं! अहो, गाडी उलाळ केलीत तुम्ही. तसेच वैभववाडीहून करूळ घाट चढता. तिथे हळू जाता म्हणून निभावतं. पुढे मोकळा रस्ता लागतो, वेग वाढतो, एखादी बस सपाट्याने शेजारून जाते आणि ट्रेलर डुलायला लागतो. लहान ट्रेलरचं डुलणं लवकर आवरतं, लांबाचं आवरता आवरत नाही. तेव्हा ब्रेकवर उभं राहू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, ट्रेलरचा ब्रेक वेगळा लावता येत असेल तर तेवढाच हलके लावा. पण हे झालं डुलायला लागल्यावरचं. त्या पेट्या एक्सलवर, खाली जमिनीलगत ठेवल्या असत्या तर ही वेळच आली नसती. म्हणून पुन्हा सांगतो, जड सामान एक्सलवर, थोडं पुढे झुकतं. शेपटाकडे उशा आणि चादरी.

रस्त्यांबद्दल बोलायचं होतं. आपल्या वाडीतल्या वाटा, दोन्ही बाजूंचे चिऱ्यांचे गडगे, वळणावर ट्रेलरचं चाक आतून कापतं आणि शेपूट बाहेर फेकलं जातं, त्यात वर लोंबणाऱ्या वायरी. लांब ट्रेलर मागे घेणं मात्र उलट सोपं जातं, तो सावकाश वळतो, त्याचं कारण... पण समोरून घड्याळ दाखवताहेत, ते पुन्हा कधीतरी. वाळूत चाकं घालू नका, एवढं नक्की. वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात, आणि रुतलेला लांब ट्रेलर ओढायला अर्धा गाव बोलवावा लागतो.

जाता जाता परत तेच, कारण निम्म्या जणांनी रेडिओ आत्ताच लावला असेल. लांब ट्रेलरचा बयाणा देण्याआधी आपल्या गाडीचं पुस्तक उघडा आणि हुकावरच्या वजनाचा आकडा बघा. ट्रेलर घरी आला की भरून काट्यावर घाला, आकडा कागदावर लिहा, तो कागद चालकासमोर चिकटवा. आणि परतीच्या दिवशी, आंब्याची शेवटची पेटी चढल्यावर, पुन्हा एकदा मोजा.