जड पाणी आणि नऊ माणसे



बेळगावचा कॅम्प म्हटला की मराठा लाइट इन्फंट्री आणि कमांडो प्रशिक्षण आठवते. आज अशाच एका कमांडो मोहिमेविषयी बोलणार आहे.

साध्या पाण्यात अगदी थोडा अंश जड पाण्याचा असतो. अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग कमी करायला ते वापरतात. आपल्याकडे अलिबागजवळ थळला खत कारखान्याशेजारी ते तयार होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीला ते नॉर्वेतल्या वेमोर्कहून मिळे. तिथेही खतासाठी हायड्रोजन काढताना ते हाती येई. त्यातून हिटलर अणुबॉम्ब करील, ही लंडनची धास्ती होती.

नोव्हेंबर १९४२ मध्ये ग्लायडरने पाठवलेली ब्रिटिश तुकडी वाटेतच कोसळली. एकूण ४१ जण गेले. त्यातून वाचलेल्यांना जर्मनांनी पकडून ठार केले.

मग २७-२८ फेब्रुवारी १९४३ च्या रात्री नऊ नॉर्वेजियन बर्फाळ दरी ओलांडून, कडा चढून कारखान्यात शिरले. म्होरक्या योआकिम रॉनेबर्ग अवघा २३ वर्षांचा. वात पेटवणार, तेवढ्यात तिथल्या पहारेकऱ्याने आपला चष्मा सापडत नसल्याचे सांगितले. चष्मा शोधून झाल्यावरच वात पेटली. सुमारे ५०० किलो जड पाणी गटारात गेले. गोळी सुटली नाही, कोणी मेले नाही.

पण काही महिन्यांत कारखाना पुन्हा सुरू झाला. नोव्हेंबरमध्ये अमेरिकन विमानांनी बॉम्ब टाकले, त्यात गावकरी मेले. शेवटी उरलेले जड पाणी जर्मनीला निघाले. त्या नऊ जणांपैकीच क्नूट हौकेलिडने सोबत्यांसह प्रवासी बोटीत स्फोटके ठेवली. प्रवासी कमी म्हणून रविवार निवडला. तरी २० फेब्रुवारी १९४४ ला १८ जण गेले. त्यांतले १४ त्यांच्याच देशाचे.

युद्धानंतर कळले, जर्मनी बॉम्बपासून बरीच दूर होती. म्हणून तो निर्णय चुकला, असे मी म्हणणार नाही. हातात होती तेवढ्या माहितीवर त्यांना ठरवावे लागले. मात्र मुलांना ही शौर्यकथा सांगताना ती कारखान्यापाशी थांबवू नका. बोटीतल्या चौदा जणांपर्यंत न्या. पराक्रमाची किंमत कोणी मोजली, हेही त्यांना कळू द्या.