बाळाला उचलायच्या आधी

मी साइटवरचा सुपरवायझर, डॉक्टर नव्हे. पण मुलांच्या डॉक्टरांनी मला विचारलेला एक प्रश्न तुमच्यापर्यंत पोचवायचाय.

माझी मुलगी वर्षाची झाली, तेव्हा तिच्या रक्तात शिसं जास्त निघालं. डॉक्टरांनी मसाले विचारले, काजळ विचारलं. मग म्हणाले, "तुम्ही काम काय करता?"

आम्ही तेव्हा जुन्या घरांचा रंग खरवडत होतो. संध्याकाळी त्याच कपड्यांत मी तिला कडेवर घ्यायचो.

अमेरिकेत घरांच्या शिसेयुक्त रंगावर १९७८ साली बंदी आली. त्याआधीच्या घरात असा रंग असू शकतो. त्याची धूळ कपड्यांवरून, बुटांवरून घरी येते. मूल रांगतं, बोटं तोंडात घालतं. मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

म्हणून कपडे-बूट साइटवरच बदला. हात-तोंड धुवा. कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांत धुऊ नका. मेडिकेड असेल तर पहिल्या आणि दुसऱ्या वर्षी शिशाची रक्ततपासणी व्हायलाच हवी; झाली नसेल तर मागा.

असा रंग खरवडायचा असेल तर संरक्षक कपडे, ते बदलायला जागा, हात धुवायची सोय हे मालकानं स्वतःच्या खर्चानं द्यायचं, असा ओशाचा नियम आहे. तुमची कागदपत्रं कशीही असोत, नियम तुम्हालाही लागू आहे. मी सुपरवायझर असून हे उशिरा मागितलं, याची बोचणी आहे.

आता मुलगी दारात धावत येते. मी म्हणतो, थांब बाळा, आधी अंघोळ.